पॉइंट्सवर म्युनिक

माझं काम औषध कंपन्यांमधली यंत्रं तपासायचं. बद्दी, सिक्कीम, विशाखापट्टणम, अहमदाबाद, अधूनमधून जर्मनी. यंत्र असेल तिथे जायचं. ठाण्याहून पहाटे साडेतीनला टॅक्सी, पवईवरून सहार आणि सहाच्या सुमाराचं विमान हे इतकी वर्षं चाललंय की सोसायटीच्या नव्या वॉचमनला मी रात्रपाळीची नर्स वाटत होते. तिकिटाचे पैसे ऑफिस भरतं, विमान कंपनी प्रवासागणिक देते ते बक्षिसाचे पॉइंट्स मात्र प्रवास करणाऱ्याच्या खात्यात पडतात. आमच्या एचआरने अजून हात न लावलेली ही एकच गोष्ट उरली असेल.

या पॉइंट्सवर गेल्या हिवाळ्यात आईला बिझनेस क्लासने म्युनिकला पाठवलं, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी. ‘फुकट गेली ना?’ असं सगळे विचारतात. फुकट म्हणायला माझी हरकत नाही, फक्त त्यासाठी काय काय करावं लागतं ते एकदा सविस्तर सांगते.

सुरुवात जेट एअरवेजपासून. त्या काळी मुंबईतून सतत उडणाऱ्या माणसाच्या पाकिटात जेटप्रिव्हिलेज या तिच्या पॉइंट्सच्या क्लबाचं कार्ड असायचंच. वर्षभरात जितकं उडाल तितका रंग वरचा: आधी निळं, मग चंदेरी, मग सोनेरी. ऑफिसात किंगफिशरचा एक गट होता, आणि आमचा जेटचा. किंगफिशर 2012 च्या ऑक्टोबरात जमिनीवर बसली तेव्हा त्या गटाचे माइल्स, म्हणजे हेच पॉइंट्स, तिच्याबरोबर गेले. आम्ही मनातल्या मनात हसलो असू. मग 17 एप्रिल 2019 ला रात्री जेटचं अमृतसरहून मुंबईला येणारं शेवटचं विमान सुटलं आणि आमची पाळी आली.

पण इथे गंमत झाली. विमानं गेली, तिकीट काढून बसलेल्यांचे पैसे दिवाळखोरीच्या भानगडीत अडकले, आणि माइल्स मात्र जिवंत राहिले! कारण जेटप्रिव्हिलेज ही तोवर वेगळी कंपनी झालेली होती. 2014 मध्ये तिचा 50.1 टक्के हिस्सा अबुधाबीच्या एतिहाद विमान कंपनीने घेतला होता. नोव्हेंबर 2019 मध्ये तिने इंटरमाइल्स असं नाव घेतलं आणि दुकान चालू ठेवलं. मी माझ्या माइल्सची व्हाउचरं घेऊन मोकळी झाले.

तेव्हा पहिल्यांदा नीट वाचायला बसले की हा धंदा नक्की आहे तरी काय. अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 ला अॅडव्हांटेज नावाचा क्लब सुरू केला तो नेहमीचं गिऱ्हाईक धरून ठेवायला. तिकडे 1978 मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं होतं आणि कोणीही कुठेही स्वस्तात उडवायला लागलं होतं. नेहमीचं गिऱ्हाईक कोण हे बुकिंगच्या कॉम्प्युटरातल्या नोंदी चाळून शोधलं. पुढे बँका आल्या. क्रेडिट कार्डावर वाटायला बँका विमान कंपन्यांकडून माइल्स घाऊक विकत घेतात, आणि तो पैसा रोख असतो, आधीच मिळतो. विमानात कोणी बसलेलं नसतानाही मिळतो. 2020 च्या साथीत युनायटेडने आपला माइलेजप्लस क्लब तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने स्कायमाइल्सवर 9 अब्ज. विमानं वाळवंटात उभी, आणि सावकार पॉइंट्सच्या वहीवर पैसे द्यायला तयार!

पॉइंट्सची ही नोट कंपनी स्वतः छापते आणि तिचा भावही स्वतःच ठरवते. कालपर्यंत अमुक पॉइंट्सना मिळणारी सीट आज सव्वापटीला, आणि तक्रारीला जागा नाही, कारण अटी-शर्तींत ते पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. म्हणून पॉइंट्स साठवून ठेवणाऱ्या लोकांचं मला नवल वाटतं. आमचे एक साहेब ‘रिटायर झाल्यावर जगप्रवास’ म्हणून लाखांनी जमवून बसलेत. साहेब, घ्या हो एखादं तिकीट.

कार्डाच्या रंगाचं म्हणाल तर तीनशे दिवस त्याचा काही उपयोग नसतो. लाउंजला आता अर्धी मुंबई क्रेडिट कार्डावर येते. सकाळी साडेचारला टर्मिनल दोनच्या लाउंजबाहेर जेवढी रांग असते तेवढी खाली वडापावच्या काउंटरलाही नसते. बॅगेला ‘प्रायॉरिटी’चा टॅग लावतात, तरी पट्ट्यावर ती सगळ्यांबरोबर येते. उपयोग होतो तो धुक्याच्या दिवसात. जानेवारीतली दिल्ली, टर्मिनल तीन. कॅट-थ्री यंत्रणा असली की 50 मीटर दिसत असताना विमान उतरू शकतं, पण त्यासाठी विमान तसं लागतं आणि पायलटचं तसं प्रशिक्षण झालेलं लागतं. आमच्या विमानाचं यातलं काहीतरी एक नव्हतं. फ्लाइट रद्द झाल्याचा मेसेज आला आणि काउंटरसमोर सगळं विमान उलटलं. मी रांगेत उभं राहून कार्डामागच्या नंबरवर फोन लावला, रांग दोन पावलं सरकायच्या आत मला दुपारच्या विमानात सीट मिळाली होती. माझ्यापुढे लहान मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईंना ती मिळायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांना मी नियम सांगितला: सहा तासांवर उशीर किंवा रद्द झालं तर दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे, निवड प्रवाशाची, शिवाय ताटकळत ठेवलं तर चहा-नाश्ता. नुकसानभरपाई मात्र धुक्यात मिळत नाही, ते निसर्गाच्या खात्यात जातं.

हा रंग टिकवायला लोक डिसेंबर-मार्चच्या तोंडावर काय करतात ते बघण्यासारखं असतं. आमच्या ऑफिसातला एक जण मुंबई-नागपूर गेला आणि त्याच विमानाने परत आला. संत्राबर्फीसुद्धा आणली नाही. ‘निदान दीक्षाभूमी तरी बघायची,’ म्हटलं, तर म्हणे वेळच नव्हता.

आता मूळ मुद्दा, म्हणजे नाव.

एअर इंडिया जुलै 2014 मध्ये स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या युतीत गेली. तेव्हापासून तिच्या विमानात बसून पॉइंट्स युतीतल्या कुठल्याही कंपनीच्या क्लबात जमा करता येतात. त्यातल्याच एका परदेशी क्लबाचं खातं मी लग्नाआधी उघडलं होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, पण क्लब चांगला आहे. खातं माहेरच्या नावाने. पुढे लग्न झालं, पासपोर्ट सासरच्या नावाने झाला, आणि ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कने परस्पर नव्या नावाने दुसरं खातं उघडलं. निम्मे पॉइंट्स तिकडे, निम्मे इकडे. क्लबचा नियम: एका माणसाचं एकच खातं, दोन असतील तर एकत्र करून देऊ, मात्र दोन्हींवरचं नाव जुळलं पाहिजे.

आपल्याकडे बाईचं नाव कसं बदलतं हे फ्रँकफर्ट किंवा मनिलाच्या कॉल सेंटरला समजावून बघा एकदा. आडनाव बदलतं हे त्यांना पटतं. पण मधलं नावही बदलतं, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, म्हणजे तीनातली दोन नावं गेली, हे ऐकून पलीकडची मुलगी गप्प झाली. पहिलं तेवढं कायम. (आत्याच्या पिढीत तेही तांदळात लिहून बदलायचे, बरं झालं, आत्याकडे माइल्स नव्हते.)

त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला मागितला. ठाणे महापालिकेचा दाखला पाठवला. उत्तर आलं: यात नवऱ्याचं नाव आहे, तुमचं लग्नाआधीचं नाव आहे, पण लग्नानंतर तुम्ही हे नाव घेतलंत असं कुठे लिहिलंय? दाखला काढून पुन्हा वाचला. खरंच कुठेही लिहिलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत बँकेने, गॅसवाल्याने, सोसायटीने तो दाखला बघून माझं नाव बदललं होतं, आणि हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. मग राजपत्राचा विषय निघाला. नाव बदलल्याची जाहिरात महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात देता येते, अर्ज ऑनलाइन होतो. पण तो छापून येईपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती.

मार्ग सापडला पासपोर्टच्या शेवटच्या पानावर. तिथे वडिलांचं, आईचं, नवऱ्याचं नाव असतं, पत्ता असतो, आणि तळाला जुन्या पासपोर्टचा नंबर, तो दिल्याची तारीख आणि ठिकाण. जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट माहेरच्या नावाचा, त्यावरचा नंबर तोच. दोन्ही स्कॅन करून एका पीडीएफमध्ये वरखाली लावले, नंबरांभोवती लाल चौकोन काढले आणि पाठवून दिले. आठवड्याभरात खाती जुळली. ज्या बायकांनी लग्नानंतर पासपोर्ट बदललाय त्यांनी जुना पासपोर्ट रद्दीत टाकू नये.

खाती जुळवताना लक्षात आलं की मधल्या काळातले काही प्रवास जमाच झालेले नाहीत. त्यासाठी वेगळा अर्ज, आणि त्याला मुदत. बहुतेक क्लबांत काही महिन्यांची. अर्जात तिकीट नंबर लागतो. पीएनआर निराळा, तिकीट नंबर निराळा. तिकीट नंबर तेरा आकडी, त्यातले पहिले तीन कंपनीचे. 098 दिसलं की एअर इंडिया. सोबत बोर्डिंग पास. तो असतो थर्मल कागदावर, सहा महिने पाकिटात राहिला की कोरा! मी विमानात बसल्या बसल्या फोटो काढून ठेवते, त्यामुळे ते निभावलं. दोन प्रवास तरी नाकारलेच. तिकिटावर बुकिंग क्लासचं एक अक्षर असतं. अगदी स्वस्तातल्या अक्षराला युतीतल्या दुसऱ्या क्लबात शून्य पॉइंट्स मिळतात. ट्रॅव्हल डेस्कला त्या अक्षराशी देणंघेणं नसतं, त्यांना आकडा कमी दिसला की झालं.

एवढं होईतो बहिणीचा फोन आला.

पॉइंट्सवर द्यायच्या सीटा कंपन्या साधारण दोनदा सोडतात. एकदा वेळापत्रक उघडतं तेव्हा, म्हणजे प्रवासाच्या अकरा-बारा महिने आधी, आणि मग निघायच्या शेवटच्या दोन आठवड्यांत, विकल्या न गेलेल्या. बाळंतपण नऊ महिन्यांत उरकतं, त्यात पहिले तीन महिने कोणाला सांगायचं नसतं. म्हणजे पहिली खेप हुकलेलीच. आणि शेवटच्या दोन आठवड्यांवर विसंबावं, तर व्हिसाला आधी प्रवासाचा आराखडा दाखवावा लागतो. जर्मनीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा हिशोब 180 दिवसांत 90 दिवस राहण्याचा. आई लवकर गेली तर बाळ महिन्याचं होतंय तोच परतायची वेळ. उशिरा गेली तर मुलगी दवाखान्यात आणि आजी अजून ठाण्यात.

मग मी रोज बघायला लागले. सकाळी चहाबरोबर एकदा, रात्री झोपताना एकदा. साइटवर सीट दिसते, पुढे पुढे जात नाव-पासपोर्ट भरला की शेवटच्या पानावर ‘काहीतरी चुकलंय, पुन्हा प्रयत्न करा.’ ही भुताटकीची सीट. दिसते, असत नाही. एका क्लबच्या साइटवर दिसणारी सीट युतीतल्या दुसऱ्या क्लबच्या साइटवरही दिसली तर ती खरी, एवढा पडताळा मी करायचे. खरी सीट शेवटी जानेवारीच्या मधल्या आठवड्यात मिळाली, मुंबईहून थेट, एकच. खात्यात पॉइंट्स थोडे कमी. बँकेच्या कार्डावरचे पॉइंट्स क्लबात वळवता येतात, पण ते पोचायला दोन दिवस. त्या दोन दिवसांत सीट दुसऱ्या कोणी उचलली तर बँकेचे पॉइंट्स क्लबात जाऊन पडलेले, आणि ते उलट फिरत नाहीत. फोन करून सीट धरून ठेवता का विचारलं. पहिल्या मुलीने नाही म्हटलं. मी फोन ठेवून पुन्हा लावला. दुसऱ्या मुलाने ‘मॅडम, अठ्ठेचाळीस तास ठेवतो’ म्हटलं. कॉल सेंटरचा नियम फोन उचलणाऱ्यावर असतो, हे सरकारी कचेरीत गेलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

आईला फोन केला. ती म्हणाली, “त्या दिवशी अमावास्या आहे. मी अमावास्येला उंबरठा ओलांडणार नाही.”

बिझनेस क्लासची जानेवारीतली एकुलती एक सीट, अठ्ठेचाळीस तासांचं घड्याळ चालू, आणि अमावास्या. बाबांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं, चष्मा पुसला आणि बारीक अक्षरातली वेळ वाचली: अमावास्या दुपारीच संपते. जर्मनीची विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. “आपण घरातून निघणार रात्री नऊला. तोवर प्रतिपदा लागलेली असेल,” बाबा म्हणाले. आईने ते कॅलेंडर स्वतः वाचलं आणि मग हो म्हणाली.

पॉइंट्स पोचले, तिकीट निघालं. वर रोख भरावेच लागतात: विमानतळाचे कर, आणि ‘सरचार्ज’ नावाचा कंपनीचा स्वतःचा आकार. दोन्ही मिळून रक्कम अशी की तेवढ्यात ऑफ सीझनला इकॉनॉमीचं एकेरी तिकीट येतं. फुकट म्हणणाऱ्यांना ही पावती दाखवते.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. तिकीट एका क्लबाचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असलं की पीएनआर दोन असतात. क्लबच्या पीएनआरवर सांगितलेलं जेवण आणि व्हीलचेअर विमानवाल्यांपर्यंत पोचतंच असं नाही. विमानवाल्यांचा पीएनआर फोन करून मागून घ्यायचा आणि त्यांच्या साइटवर सगळं पुन्हा भरायचं. जेवणात ‘एव्हीएमएल’ निवडायचं, म्हणजे आपल्याकडचं शाकाहारी. नुसतं ‘व्हीजीएमएल’ घेतलं तर उकडलेली ब्रोकोली येते आणि आई ती ताटाच्या कडेला लावून ठेवते.

सामान भरायच्या दिवशी भांडण झालं ते साजूक तुपावरून. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभत्याचं काही नेता येत नाही. आईने आठवडाभर लोणी जमवून तूप कढवलेलं. “औषध म्हणून सांगेन,” ती म्हणाली. मी बरणी काढून ओट्यावर ठेवली, ती तिने परत बॅगेत ठेवली, मी परत काढली. अहळीव, डिंक, खारकेची पूड, सुंठ, बाळंतशेपा एवढं गेलं. तूप तिकडचं लोणी आणून कढवायचं ठरलं.

विमानतळावर व्हीलचेअर बघून तिचा चेहरा उतरला. “मी काय आजारी आहे?” गुडघे दोन्ही गेलेत, पण ते लोकांना कशाला दिसायला हवेत. आजूबाजूला मुलांकडे निघालेल्या आज्या-आजोबांच्या पंधराएक खुर्च्या ओळीने लागल्या होत्या, त्यातल्या एका आजींशी तिची पाच मिनिटांत ओळख निघाली, सातारारोडची. मग बसली. तिच्या बोर्डिंग पासवर तिचं नाव, बाबांचं नाव आणि शेवटी मिसेस असं सगळं एका दमात जोडून छापलेलं होतं. “हे कोण?” म्हणाली.

म्युनिकहून फोन आला तो सीटबद्दल. पूर्ण आडवी होते म्हणे, पण बटण दाबलं आणि मोडलं तर, म्हणून ती दोन तास ताठ बसून होती. शेवटी हवाई सुंदरीने स्वतः येऊन गादी घातली. “पोरगी जर्मन होती, पण पांघरूण अगदी पायाखाली खोचून दिलं गं.” जेवणाबद्दल: भात बरा, वरण नव्हतं. किमतीबद्दल: पॉइंट्स म्हणजे नक्की किती रुपये? मी सीटची त्या दिवशीची विक्रीची किंमत सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता, मग, “एवढ्यात तर एखादं नवं स्वयंपाकघर झालं असतं.”

एप्रिलमध्ये परतताना पॉइंट्सवर सीट मिळाली नाही. नव्वदावा दिवस जवळ आला तसं जावयाने पैसे भरून इकॉनॉमीचं तिकीट काढलं, मार्गिकेकडची सीट, पाय लांब करायला जागा बरी. त्याआधी मी आईच्या नावाने क्लबात खातं उघडलं, पासपोर्टवर आहे तसं, अक्षर अन् अक्षर जुळवून. त्या एका प्रवासाचे पॉइंट्स तिच्या खात्यात पडलेत. फार नाहीत, त्यांत तिकीट बसत नाही. क्लबच्या यादीतलं जे परवडतं त्यात एक कॉफीचा थर्मास आणि एक सुटकेस आहे. आई म्हणते थर्मास घे. मी म्हणते थांब, पुढच्या वर्षी बारशाला नाही पण वाढदिवसाला जाशील तेव्हा भर पडेल. बाबा म्हणतात तिला थर्मास घेऊन दे.